कुंकू लावलेला फ्रेंच कागद

कॅसलरॉक,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८३२

चिरंजीव अर्जुन,

मामाचा आशीर्वाद. आम्ही हिकडं बरं हाय, तू तिकडं कारवारात बरा असशील. नंदिगड्ड्याच्या शेतातलं भात कापून झालं, मळणी ऱ्हायलीया. तांबडी म्हस आटली. तुझी मामी कंबर धरून चालती आणि मलाच म्हणती तुम्ही म्हातारं झालासा. घरची खबर संपली.

तुझं पत्र पोचलं. एका शब्दापायी चार पानं! मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. वाचता वाचता ताटातली पेज गार झाली. मामी म्हणाली, "पोरगं आजारी हाय का काय? एवढं लिवलंय त्ये?" म्हटलं, "आजारी न्हाई. शिकलंय."

तर तुझ्या पत्राचा मला लागला तो अर्थ असा. लाकूड सुटून सिग्नलच्या तारा तुटल्या, त्यापायी आपल्या लाकूडटोळीतला लखू धरला गेला. त्याच्या खोपीत भिंतीवर फ्रेंच कागद घावला. कारवारच्या कचेरीत फ्रेंच येणारा तूच एकटा, बेळगावच्या पाद्रीबाबाची किरपा, म्हून त्याचं इंग्रजी करायचं काम तुझ्याकडं आलं. बाकी सगळं केलंस, पण 'साबोताज' हा एक शब्द अडला. तो तुझ्या जाड्या पुस्तकात न्हाई. तिकडच्या कामगारांनी परवा परवा पाडलेला नवा शब्द, आणि त्यात कुठंतरी लाकडी जोडा हाय म्हणतोस. त्ये मला कळलं न्हाई, कळायची गरजबी न्हाई.

तुझ्या कचेरीतल्या साहेबाला त्याच्या जागी एकच इंग्रजी शब्द पाहिजे. तू 'सावकाश काम' लिवलंस तर थोडं पडतं, 'वाईट काम' लिवलंस तर भलतंच हुतं, आणि साहेब म्हणतो 'मोडतोड' लिही की झालं. मोडतोड लिवली तर त्यो कागद म्हंजे मोडतोडीचा धडा आणि लखू त्याचा शिष्य. वर्सं न् वर्सं तुरुंगात. बरुबर हाय ना?

आता तू इचारलंस त्येची उत्तरं.

पैलं, कागदावर कुंकू कसं. फौजदारानं कचेरीत लिवून दिलंय म्हणं की ही मंडळी सरकारविरुद्धच्या कागदाची पूजा करत्यात. पूजा केली ह्ये खरं हाय. खंडेनवमीला आपण कुऱ्हाडी, पहारी, दोर, करवती मांडतो का न्हाई? तसं मांडलं. त्याच्या आदल्या दिवशी इनास गोव्याला चालला हुता. फ्रेंच बोटीवर कोळसा मारणारा, साष्टीकडचा. पोर्तुगीज मुलखाची गाडी यायला वेळ हुता म्हून लखूसंगं इडी वडत बसला. त्याच्या पेटीत कपड्याखाली ह्यो कागद अंथरलेला, वर आगगाडीच्या इंजिनाचं झोकात चित्र. लखू बघत ऱ्हायला. इनास म्हणाला, "तुका जाय? घे रे, म्हाका कित्याक जाय तो!" मला काय करायचाय म्हणत दिला काढून.

लखू दुसऱ्या दिवशी त्यो कागद घेऊन पूजेला. टोळीतला म्हादू म्हणाला, "आरं, ह्ये कशाला?"

लखू म्हणाला, "पहारीला कुंकू लावतासा, कुऱ्हाडीला लावतासा. आपलं पोट ज्याच्यावर चालतं ते इंजिन घरी आणता येतंय व्हय? चित्राला लावू की."

मला पटलं. कुंकू मीच लावलं, झेंडूचं फूलबी मीच ठेवलं. खाली काय लिवलंय ते कुणी बघितलं न्हाई. बघून काय कळणार हुतं? फौजदाराला ह्ये सांगितलं तर तो म्हणाला, "इंजिनाची पूजा? मला येडा समजतोस?" मी म्हटलं, "इचारलासा म्हून सांगितलं." तर गप बस म्हणाला.

दुसरं, टोळीनं संप केला हुता का. न्हाई. हितं फलाटावर नवा साहेब आला आणि म्हणाला, एका ओंडक्याला बारा माणसं कशाला, आठ बास. सागवान ओलं आसंल तर आठ माणसांचं कंबरडं जातं. मी दोनदा जाऊन सांगितलं. ऐकलं न्हाई.

आपल्याकडं लाकूड कसं चढवत्यात त्ये तू ल्हानपणी बघितलंस, पण तुझ्या साहेबासाठी लिवतो. वाघिणीला, म्हंजे गाडीच्या मालडब्याला, तिरपी लाकडं लावायची, वरच्या माणसांनी दोर वडायचा, खालच्यांनी पहारीनं रेटायचं. मुकादम हाक देतो. हाक आली की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. हाकेबिगर कुणी जोर लावायचा न्हाई, आणि दुसऱ्याच्या हाकेला तर मुळीच न्हाई. ह्यो आमचा कायदा, रेल्वे यायच्या आधीपासनं, नदीत लाकूड लोटायचं त्या येळचा. एकानं आधी वडलं आणि दुसऱ्यानं मागनं, तर लाकूड माणूस खातं.

तर मी हाक द्यायची बंद केली. बास. टोळी रोज सकाळी येणार, लाकडाला हात लावून हुबी ऱ्हाणार, आणि मी फलाटाच्या कडंला पान खात बसणार.

नवा साहेब आला. "ये क्या है? संप?"

म्हटलं, "न्हाई जी. सगळी कामावर हाईत. बघा की, हात लाकडालाच हाईत."

"तो उठाते क्यों नहीं?"

"हाक आली न्हाई."

"हाक कौन देगा?"

"मी."

"तो दो!"

"घसा बसलाय जी. बारा माणसं दिली की सुटंल."

म्हादू खालनं हसला, त्याचा अर्धा दिवस कापला.

आता अर्जुन, मी ह्ये लिवताना इचार केला. ह्याला तुझा त्यो शब्द लागतो का? तू लिवलंयस की हक्काचं कुणी देत नसंल तर हात आखडायचा, ते त्यात येतं. मग लागतो. लागत आसंल तर लागू दे. फ्रेंच कागद नसता तरी मी तेच केलं असतं, कारण आठ माणसांनी ते लाकूड चढत न्हाई.

तिसरं इचारलंस ते मागनं सांगतो. आधी तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार वळींचं बोलू, बारीक अक्षरात लिवलेल्या. कागदात पुढं तारा तोडायचं आणि इंजिनात वाळू घालायचंबी लिवलंय, आणि तू म्हणतोस, मामा, ह्या दोन वळी गाळल्या आणि शब्दाला 'सावकाश काम' लिवलं तर हितं कुणाला कळणार न्हाई. लखू सुटंल.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कचेरीत बसून आपल्या माणसाची याद ठेवलीस. फुला रोज दारात येऊन बसती. लखूची बायको, ती काय मागत न्हाई, रडत न्हाई, नुसती इचारती, "मामा, कागद वाचला का त्यांनी?" तुझं पत्र आल्यावर तिला 'व्हय, सुटतोय' असं सांगायला जीभ पार हालली हुती.

पर गाळू नको. गोव्यातनं एखादा पाद्री न्हाईतर वकील येईल आणि वाचंल. मग तुझी नोकरी जाईल आणि लखू दुप्पट अडकंल, की बघा, लपवायसारखं हुतं म्हून लपवलं. तारा लिही, वाळू लिही. आणि त्या एका शब्दापायी एवढं हाल कशाला? आपण इंजिनाला काय म्हणतो? इंजिन. सिग्नलला? सिग्नल. कुणी बसून भाषांतर केलं? वस्तू आली, तिचं नावबी आलं. तसाच ठेव त्यो शब्द इंग्रजी अक्षरात, आणि खाली लिही की ह्याच्या पोटात सावकाश कामबी येतं आणि मोडतोडबी येते, कुठलं केलं त्ये माणसागणिक बघा. साहेबाला एकच शब्द पाहिजे असंल तर त्याला म्हणावं, एका शब्दात माणूस तुरुंगात जातोय, चार जास्त वाचा.

आता तिसरं. तू इचारलंस, लाकूड सुटलं तेव्हा मामा तुम्ही कुठं हुतासा, आणि लखूनं दोर मुद्दाम सोडला का हातातनं सुटला.

नव्या साहेबानं लोंढ्याकडनं एक माणूस आणला हाक द्यायला. हिंदुस्थानी बोलणारा, बिचारा बरा माणूस. पोरांना धमकी दिली की वडला न्हाई तर उद्या येऊ नका. वडाया लागली. मी माझ्या जागेवर बसूनच हुतो. तो 'खींचो' म्हणायचा, अर्धी आधी वडायची, अर्धी मागनं. लाकूड अर्ध्यात गेलं आणि वाकडं झालं. एका टोकाला लखूनं दोर ताणून धरलेला, दुसरं टोक घसरलं, आणि त्या टोकाखाली वाघिणीला लागून म्हादू. लखूला तो दिसत नव्हता. मला दिसत हुता. लखूनं आणखी थोडं धरलं असतं तर लाकूड दोरावर फिरून म्हादूवर आलं असतं.

मी वरडलो, "लखू, सोड!"

त्यानं सोडला. इचार केला न्हाई, मागं बघितलं न्हाई. माझी हाक हुती, सोडला. लाकूड सरळ झालं, म्हादूच्या अंगाला चाटून शेजारनं गेलं, आणि उतारावर गडगडत जाऊन सिग्नलच्या तारा घेऊनच थांबलं. तारा तुटल्या. मेल अर्धा दिवस अडकली. आणि तुझ्या कागदात नेमकं ताराच.

लखूनं दोर मुद्दाम सोडला. हातातनं सुटला न्हाई. मी सांगितलं म्हून सोडला, आणि सांगितलं ते बरुबर सांगितलं. परत तशी येळ आली तर परत सांगीन.

पर फौजदारानं इचारलं तेव्हा लखू म्हणाला, "हातातनं निसटला जी." माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाई. लोंढ्याच्या माणसाला गडबडीत कळलं न्हाई कोण वरडलं. टोळी गप. आणि मीबी गप. का, तर माझी मुकादमकी फाल्गुनात पुरी हुते, त्याच्यावर थोडं पेन्शन बसतंय, आणि मामी म्हणाली, "कागदानंच सुटला तर तुम्ही कशाला मधी पडतासा?" मलाबी तसंच वाटलं की अर्जुन शब्द बरा लावंल आणि भागंल. तुझ्या पत्राची वाट फुलापेक्षा मीच जास्त बघितली.

तू शब्द बरा लावलास तरी भागत न्हाई. तारा तुटल्यात. कुणीतरी दोर सोडला, आणि तो सोडायला सांगणारा हितं पान खात बसलाय.

काल फुलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हादूला कळलंय का?"

म्हटलं, "म्हादूला पैल्यापासनं म्हाईत हाय. त्याच्याच डोक्यावर हुतं."

"मग सगळ्यांना म्हाईत हुतं. मी एकटीच कागदाची वाट बघत हुते." उठून गेली. आज आली न्हाई.

म्हून आता असं कर. ह्ये पत्र तुझ्या साहेबापुढं ठेव. ह्याचं इंग्रजी तूच करशील, तर वर पैल्यांदा लिही की तू माझा भाचा हाईस, मागनं कुणी बोट दाखवायला नको. तुला ते काम दुसऱ्याला द्यावं वाटलं तर दे. पेन्शनचं लिवलंय त्ये गाळू नको, मामीचं बोलणंबी गाळू नको. गुळगुळीत करू नको. मी बोललो तसं उतरव, आणि जिथं शब्द अडंल तिथं आपला शब्द तसाच ठेव.

सोमवारच्या गाडीनं मी निघतो, लोंढ्यावरनं. कारवारला पोचायला जेवढं लागंल तेवढं लागंल. तुझ्या बिऱ्हाडी उतरणार न्हाई, धर्मशाळेत उतरीन. साहेब बोलवंपर्यंत मला भेटायला येऊ नको.

वर लिवलंय ते शुद्धीत, सोताच्या हातानं लिवलंय. दोर लखू गावड्यानं माझ्या हुकमानं सोडला. हाकबी मीच बंद केली हुती, माझ्याच हुकमानं. टोळीतल्या कुणाचा त्यात दोष न्हाई.

उमाजी बिन सोमा मिराशी,
लाकूडटोळीचा मुकादम, कॅसलरॉक.
अंगठा न्हाई, सही हाय.