मास्तरांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

मास्तर,

तुम्हाला लिहायला बसले खरी, पण मला लिहायचं होतं वेगळंच. उद्या सकाळी आपल्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची माणसं माझ्याकडे एक अर्ज न्यायला येणार आहेत आणि तो कागद अजून कोरा पडलाय. साठी उलटून किती वर्षं झाली, तरी गावात अर्ज म्हटला की हाक मलाच. 'तुजां अक्षर बरां' म्हणतात. ते अक्षर तुम्ही वळवून घेतलंत, तेव्हा या कटकटीचा थोडा दोष तुमच्याकडेही जातो. मी इथेच आहे हो अजून. लग्न झालं तेही गावातच, वरच्या वाड्यावरून खालच्या वाड्यावर आले, एवढाच माझा प्रवास. तुम्ही वारलात त्याला बरीच वर्षं झाली, ते मला कळलंसुद्धा कुणा तिऱ्हाइताकडून, म्हापशाच्या बाजारात मिरच्या घेताना. मिरच्या तशाच टाकून मी बसस्टँडवर येऊन बसले होते.

तुम्ही आलात तेव्हा गोवा मुक्त होऊन फार दिवस झाले नव्हते. सरकारने आम्हाला मराठी शाळा दिली, म्हणजे एक मास्तर दिला आणि एक फळा दिला. बाकी शाळा गावाने करायची होती. पहिलं वर्ष आपण देवळाच्या मंडपात बसलो, घंटा वाजली की पाढे थांबवायचे. मग गावाने मनावर घेतलं. चिरे कुणी खाणीवरून आणले, वासे कुणी दिले, हळर्णच्या एका सुताराने गावात बहीण दिली होती म्हणून दारं फुकट करून दिली, आणि जनेलं, म्हणजे खिडक्या, मात्र शेवटपर्यंत वाकड्याच बसल्या. शनिवारी आमच्या आया येऊन जमीन सारवून जायच्या. आणि तुमचं जेवण? आमच्याकडे गुरं राखायची पाळी काठीने ठरते, ज्याच्या दारात काठी त्याची पाळी, आणि दिवस मावळला की काठी शेजाऱ्याच्या दारात. गावकार आजोबांनी, म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान ज्यांचा होता त्यांनी, तुमच्यासाठी तसलीच एक काठी काढली. तुम्हाला हे पहिले सहा महिने ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "चरायला नेत नाहीत हे नशीब." काठी दारात आली की बायका नुसत्या पिसाळायच्या. शेजारणीने काल इसवण मासा वाढला, मग आपण काय वाढायचं, यावरून आमच्या आईचं आणि काकीचं चार दिवस बोलणं बंद होतं. आणि तुम्ही सोमवारी मासे खात नाही हे प्रत्येक घराला नेमकं सोमवारीच आठवायचं.

आमच्या घरची एक पाळी मला आज समोर दिसते. आई चुलीपुढे आहे, तुम्ही पाटावर, मी तुम्हाला पाण्याचा तांब्या देऊन दारात उभी. आईने खारातली कैरी वाढली आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या आवशीक येता काय ओ अशी कैरी?" तुम्ही घास हातातच धरलात. म्हणालात, आई वास्कोला एका खोलीत एकटी असते, वडील बंदरावर कामाला होते ते गेले, आता तिला दिसेनासं झालंय, चूल पेटवताना दोनदा हात भाजला. एवढं बोललात आणि भात कालवायला लागलात. आईने पदराने डोळे पुसले आणि आणखी भात वाढला. आमच्याकडे दुःखावर दुसरा इलाजच नाही. वास्कोला जायचं म्हणजे तेव्हा फेरीबोटींनी नद्या ओलांडत अख्खा दिवस, दिवाळी आणि मे सोडून तुम्हाला ते जमत नव्हतं.

चौथ्या वर्षी कुणीतरी बातमी आणली की मास्तरांची बदली व्हायची आहे. खरी होती की खोटी, कुणी विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला कळू न देता पणजीला जाऊन शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटायचं ठरलं. अर्ज आमच्या सोप्यावर बसून मी लिहिला, गावाने सांगितला. आमचे मास्तर फार चांगले आहेत, त्यांना इथेच ठेवावं. सगळ्यांचे अंगठे उठले, सही करणाऱ्यांनी सह्या केल्या, आणि चहा घेऊन माणसं आपापल्या घरी गेली. शेवटची ओळ आणि पहिला अंगठा यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली होती. मी दहा वर्षांची होते, मास्तर. त्या जागेत मी माझ्या मनाने लिहिलं, 'मास्तरांची आई वास्कोला एकटी आहे. तिला दिसत नाही. मास्तरांना तिच्याकडे जायला मिळावं.' माझ्या डोक्यात रजा होती. महिन्याकाठी दोन दिवस जास्त मिळाले असते तर बरं, इतकंच.

पणजीला मलाही नेलं, मास्तरांनी काय शिकवलंय ते दाखवायला. साहेबांनी विचारलंच तर सतराचा पाढा म्हणायचा होता. आम्ही बाराजण, सोबत नारळाचं पोतं, केळ्यांचा घड आणि एक भलंमोठं काकडीचं तवसं. साहेब आले, खुर्चीवर बसले, आणि आता बोलायचं कुणी? सगळ्यांनी गावकार आजोबांकडे बघितलं. त्या माणसाने जन्मात मोठ्या खुर्चीपुढे एकाच प्रकारे तोंड उघडलेलं. पागोटं सारखं केलं, हात जोडले, डोळे मिटले आणि देवळातल्या आवाजात सुरू केलं, "बा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली आसत. ह्यो जो मास्तर तू आमका दिलंस, तेणां आमच्या पोरांक शाणी केल्यान. तेच्यार तुझी नदर आसूं दी. तेका बरकत दी, तेका बढती दी, थंय जायत थंय तेका सुखी ठेव, तेच्या घरच्यांची राखण कर." आणि दर वाक्याला मागून आमचे अकराजण, सवयीने, एका सुरात, "व्हय म्हाराजा." पलीकडच्या खोलीतले कारकून उठून दारात आले. गाऱ्हाण्यात माणसाचं भलं मागतात, त्याला इथून हलवू नको असं मागायची रीतच नाही, म्हणून आजोबांनी ते मागितलंच नाही. ओघात राहून गेलं. साहेबांना हसू आवरेना, पण माणूस सज्जन. त्यांनी अर्ज घेतला, खालपर्यंत वाचला, आणि शेवटाला थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर तुझं?" मी मान हलवली. पाढा कुणी विचारला नाही. नारळ तेवढे परत पाठवले.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. तुमची बदली वास्कोला, ग्रामस्थांच्या अर्जावरून.

तुम्ही तो कागद हातात घेऊन शाळेच्या पायरीवर बसला होतात. तुम्हाला निरोप द्यायला सगळा गाव जमला, आणि काय झालं हेच कुणाला कळत नव्हतं. मग तुम्हीच बोललात, अगदी शांतपणे. "माझ्या जेवणाचा भार झाला असेल तर तसं सांगायचं होतंत. मी हाताने शिजवून खाल्लं असतं." आमची आई तिथून जी निघाली ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. गावकार आजोबा रस्त्यापर्यंत तुमची ट्रंक डोक्यावर घेऊन आले, कुणाला हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की घोळ त्यांच्या गाऱ्हाण्याने झाला, बढती मागितली ती साहेबांनी दिली. गावानेही तेच धरलं. पुढे मरेपर्यंत लोक त्यांना चिडवायचे, "आजोबा, आमच्यासाठी काय मागू नकात हां, गावातसून जावचा लागात." ते हसायचे, पण त्यानंतर देवळातही त्यांनी गाऱ्हाणं घालायचं सोडलं, तो मान पुतण्याला दिला. आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, मी गप्प. आधी माराच्या भीतीने, मग लाजेने, आणि मग आता काय बोलायचं म्हणून.

म्हणून आज सांगते. गावाला तुम्ही नकोसे झाला नव्हतात, मास्तर. काठी पुढची दोन वर्षं आमच्या काकीने चुलीमागे जपून ठेवली होती, मास्तर परत येतील म्हणून. तुम्ही जे मनात घेऊन गेलात ते खोटं होतं आणि ते मी एका दमात पुसू शकले असते. वास्को काही लंकेत नव्हतं. पुढे नद्यांवर पूल झाले, तेव्हा तर निमित्तही उरलं नाही.

शाळा आहे अजून, पण मुलं वीसच्या आत आलीत. निम्मी तर सिंधुदुर्गातून इथे खाणीवर, ट्रकवर कामाला आलेल्यांची. दुपारची पाव-भाजी आमच्या बायकांच्या गटाची असते. छप्पर एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता डिचोलीकडे ट्रक चालवतो, चार मित्र आणून दोन रविवारांत शाकारून दिलं. मी बुधवारी वाचन घेते, मुलं मला घाबरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. आणि एक तरुण बाई आहेत, काणकोणच्या, म्हणजे गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. त्या आल्यापासून मुलं शाळा बुडवत नाहीत. त्या गेल्या तर दुसरं कुणी मिळेपर्यंत शाळाच शेजारच्या गावच्या शाळेत मिसळून टाकतील, असं सगळे म्हणतात. बाईंच्या बदलीची कुणकुण लागली, तर संघाने ठरवलं की अर्ज द्यायचा. बाई फार चांगल्या आहेत, त्यांना इथेच ठेवावं. मजकूर मला सांगायलासुद्धा लागला नाही, पाठच आहे.

संध्याकाळपासून मी पेन धरून बसलेय आणि एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. चार वर्षं आम्ही तुम्हाला रोज विचारलं, आणखी भात वाढू का, मासा वाढू का, कढी वाढू का. इथे राहायचंय का, हे एकाही घराने एकाही पाळीला विचारलं नाही. बाईंचे वडील अंथरुणाला खिळलेत म्हणतात. त्यांना जायचं असेल तर हा अर्ज म्हणजे त्यांच्या पायात दोरखंड. उद्या संघाची माणसं आली की मी त्यांना घेऊन आधी शाळेत जाणार आहे आणि बाईंना सगळ्यांसमोर विचारणार आहे. दहा वर्षांच्या पोरीला जेवढं कळलं, तेवढं म्हातारीला कळायला हवं.

पण खरं सांगू? त्या 'नाही, मला जायचं नाही' म्हणाव्यात म्हणून मी आज देवापुढे दिवा लावून आलेय.