बाबांनी मागितलेली मुदतवाढ

टाउनशिप, भोपाळ
रविवार

ती. बाबा,

तुम्ही नागपूरला ताईच्या लग्नाची बोलणी करत आहात, म्हणून इथली हकीकत लिहितो.

सांडपाण्याच्या पुनर्वापरावर संशोधन करायला ताईला सहा महिने जर्मनीला बोलावले आहे. तिकीट, राहणे, सगळा खर्च त्यांचा. तुम्ही तिच्या मेलवरून परस्पर तिथल्या प्राध्यापकांना लिहिलेत की घरी कार्य आहे, रुजू व्हायला तीन महिन्यांची मुदतवाढ द्यावी. कारखान्यात प्रत्येक बदलीला तुम्हाला अशी मुदतवाढ मिळाली, म्हणून यात काही गैर वाटले नसेल.

आज उत्तर आले. जागा राखून ठेवता येत नाही. उद्यापर्यंत होकार आला नाही, तर ती दुसऱ्या विद्यार्थ्याला देतील.

ताई आधी हसली. "बाबांना जर्मनी म्हणजे झाशीची बदली वाटली का रे?" मग रडली. "आता त्यांनी पाहुण्यांना दिलेल्या शब्दाचं काय?"

मी बारावीलाच अडलो. तुमच्यापुढे माझी जीभ जड होते. तरी म्हणालो, "तू होकार पाठव. मुलगी पसंत असेल, तर मुदतवाढ पाहुणेच देतील."

तिने माझ्यासमोर होकार पाठवला.

हे पत्र मी टाकणार नाही. कागदावर मी नेहमीच धीट असतो. परवा तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईन, तेव्हा स्कूटर सुरू करण्याआधी हे सगळे तोंडाने सांगेन. तुम्ही कितीही रागावलात, तरी होकार मागे घ्यायला मी ताईला सांगणार नाही.

एवढ्या एका बाबतीत तुमचे न ऐकणारा,
अच्युत