नाव झाकलेला लेख

श्रीरामपूर,
२ डिसेंबर २०२४

ती. आबामामांस,
ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं वाचून वाईट वाटलं. पण ते बिघडलं की फोन बंद होतो आणि तुमची पत्रं येतात, त्यामुळे ते लवकर दुरुस्त व्हावं असं काही मनापासून म्हणवत नाही. मामीच्या गुडघ्यांना तेल लावून देता का, की नुसतंच लावलं का म्हणून विचारता?

इकडे तुमची नात मजेत आहे. सुनीलदादाला सांगा, अश्विनी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते. वर्गात मला मॅडम म्हणावं लागतं, त्याचं उट्टं घरी आल्यावर आत्या-आत्या करून काढते.

एक काम होतं. एम.ए.च्या मुलांना संशोधन छापण्याची रीत शिकवायची आहे. मागच्या वर्षी व्याख्यानं दिली, तर मुलांनी माना डोलावल्या आणि परीक्षेत भलतंच लिहिलं. म्हणून यंदा त्यांनाच एक सरावाचं शोधनियतकालिक काढायला लावलंय. लेख मुलांचे आणि संपादकही मुलंच. लेख आला की लेखकाचं नाव झाकायचं, बाहेरच्या जाणकाराकडे परीक्षणाला पाठवायचा, त्याच्या आक्षेपांना लेखकाने एकेक करून उत्तर द्यायचं, लेख सुधारायचा आणि मगच छापायचा. लेख कुणाचा आणि परीक्षण कुणाचं, हे एकमेकांना कळू द्यायचं नाही. अंक कॉलेजच्या बाहेर जाणार नाही, पण रीत मात्र सगळी खरी.

अंकाचं नाव मुलांनी 'उमेदवारी' ठेवलंय, शिकाऊपणाची उमेदवारी म्हणून. आमचे हनुमंत शिपाई येऊन हळूच विचारून गेले, की म्याडम, कुठल्या वार्डातनं हुभ्या ऱ्हाताय. पहिल्या बैठकीत संपादक मंडळाची यादी झाली ती थेट लग्नपत्रिकाच. प्राचार्य, संस्थेचे झाडून सगळे पदाधिकारी, शिवाय मुख्य संपादक पार्थचे दोन चुलते. खाली 'आमच्या अंकाला यायचं हं' एवढंच लिहायचं राहिलं होतं. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर रुसवेफुगवे होतात, असं पार्थचं म्हणणं. काम करणाऱ्याचंच नाव छापायचं, हे पटवण्यात माझी एक दुपार गेली.

तुम्ही उभा जन्म मुख्याध्यापकी केलीत. सोबत एक लेख पाठवते आहे, तो तपासून द्याल का? परीक्षण वेगळ्या पाकिटात संपादकांच्या नावाने टाका. मी ते उघडणार नाही, सगळं मुलांनीच करायचं आहे.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून असाच येत राहू द्या.

आपली भाची,
ज्ञानेश्वरी


जामखेड,
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. ज्ञानेश्वरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तेल मी स्वतः लावतो. तुझी मामी ते कुणाला सांगत नाही, हा माझा दोष नव्हे.

लेख नीट वाचला. ऊसतोडीच्या टायरगाड्या ओढणाऱ्या बैलांची नावं आणि ती ठेवण्याची पद्धत, असा विषय. विषय चांगला आहे. पण ज्ञानेश्वरी, मांजर डोळे मिटून दूध प्यायली म्हणून जगाला दिसत नाही होय? लेखात आपल्या दावणीचे हौशा आणि गुलब्या आहेत! दिवाळीत अश्विनी गोठ्यात उभी राहून त्यांची नावं लिहून घेत होती. नाव झाकलंस खरं, पण आमच्या दावणीचे बैल तेवढे झाकायचे राहिले.

मी ओळखलं नाही असंच समज. मात्र लेख नातीचा म्हणून हात आखडता घेतलेला नाही. सुनील माझ्या वर्गात होता तेव्हा बाकीच्यांना एक छडी बसली तर त्याला दोन बसायच्या. घरच्या पोराला सूट दिली की गाव बोलतं आणि पोर बिघडतं. ही आमची बाई जन्मात उसाच्या फडात उतरलेली नाही, आणि खुशाल लिहिते की 'संशोधकाने तळाला भेट दिली'. चांगलं खरडून काढलंय. दोन दिवस गाल फुगवून बसेल, मग आपोआप सुधारेल. तू मध्ये पडू नकोस.

परीक्षण तू म्हटल्याप्रमाणे संपादकांच्या नावे आजच टाकलं. इकडे थंडी बरी आहे, ज्वारी पोटऱ्यात आली. मुलांना गोड पापा. सगळ्यांवर माया आहे हे निराळं सांगत नाही.

तुझा,
आबामामा


श्रीरामपूर,
६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न.

परीक्षांच्या कामावर मी बाहेरगावी होते, तुमचं पत्र परवा हातात पडलं. तोवर परीक्षण मुलांनी लेखिकेला देऊनही झालं होतं. मामा, तो लेख अश्विनीचा नाही. तिने लग्नपत्रिकांवर लिहिलंय आणि तिचा लेख दुसऱ्याच परीक्षकांकडे आहे.

बैलांवरचा लेख धनश्रीचा. नाव सांगून मी माझाच नियम मोडते आहे, पण आता इलाज नाही. धनश्री तुमच्याच जामखेड तालुक्यातली. तिचे वडील वैजनाथ आणि आई कडूबाई दर वर्षी दसरा झाला की बैल घेऊन इकडे ऊसतोडीला येतात. लहानपणी ती त्यांच्याबरोबर पाचटाने शाकारलेल्या कोपीतच वाढली. पुढे आईवडील जवळ पडावेत म्हणून इथल्या वसतिगृहात राहून शिकली. त्यांच्या तळावरून एम.ए.पर्यंत पोचलेली ती एकटीच आहे. अश्विनी तिची मैत्रीण. शेतकऱ्याच्या घरच्या बैलांचीही नावं तुलनेला हवीत, म्हणून तिने अश्विनीकडून ती मागवली होती.

परीक्षण पार्थने आता मला दाखवलं. आणि तुम्ही तिला लिहिलंत की लेखिकेने ऊस रसवंतीपलीकडे पाहिलेला दिसत नाही, अंगाला पाचट लागल्याशिवाय तळावरचं लिहू नये, आधी चार दिवस तिथे राहून यावे.

तिने ग्रंथालयाची पुस्तकं परत केली, खोली झाडून किल्ली रेक्टरबाईंकडे दिली, लेख मागे घेते असं पार्थला सांगितलं आणि तळावर निघून गेली. फोन लागत नाही. अश्विनी दोन दिवस नीट जेवलेली नाही. मला तर वर्गात तिच्या बाकाकडे बघवत नाही. ही मुलगी परत आली नाही, तर मी कसली रीत शिकवली आणि कुणाला?

तुमच्यावर सगळा दोष टाकत नाही. नातलगाचा लेख नातलगाकडे कधीच देत नाहीत, हा यातला पहिला नियम. तो मला इतका उघड वाटला की तुम्हाला सांगायचंच राहिलं. पण मामा, अश्विनीला तरी असं लिहायचं होतं का?

रागावून लिहिलं असेल तर पोटात घाला. माया पातळ झालेली नाही.

ज्ञानेश्वरी


जामखेड,
११ जानेवारी २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती मग म्हणाली, की दुसऱ्याच्या लेकीला असं लिवत्यात व्हय, आन् आपल्या तरी का लिवावं. एवढं बोलून चुलीकडे निघून गेली.

माझ्या शाळेत अशी पुष्कळ पोरं होती. दसरा झाला की बाकं रिकामी व्हायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ती पोरं काळवंडून परत यायची. त्यांना मी कधी बोट लावलं नाही की कधी वाकडा शब्द बोललो नाही. पाढे आले नाहीत तरी म्हणायचो, जाऊ दे, बिचारी दमून आली आहेत. आणि आता म्हातारपणी त्यांच्यातल्याच एका लेकीला लिहून बसलो की तू ऊस पाहिला नाहीस. लाज वाटते गं.

सोबत एक पाकीट आहे. त्यात धनश्रीला लिहिलेलं पत्र आहे. कुणासाठी लिहिलं होतं आणि कुणाला मिळालं, ते सगळं त्यात खरं खरं सांगितलंय. जोडीला नवं, सौम्य परीक्षण आहे. आधीचं मागे घेतलं असं समजून हेच ग्राह्य धरावं, ही तुमच्या संपादकांना हात जोडून विनंती. पाकीट टपालाने पाठवू नकोस, तळावर स्वतः जा. गुडघे साथ देते तर मीच आलो असतो. हो, माझेही दुखतात. मामीला कळवू नकोस.

पोरगी परत आली की लगेच लिही. तोवर मला चैन नाही. माझ्यावरची माया उतू जाऊ देऊ नकोस, अजून लागणार आहे.

तुझा,
आबामामा


श्रीरामपूर,
२० जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल रविवारी अश्विनीला घेऊन तळावर जाऊन आले. देवळाली प्रवराच्या बाजूला, ओढ्यालगतच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या आहेत. आम्ही पोचलो तेव्हा गाड्या कारखान्याला गेल्या होत्या आणि बायका नुकत्या फडातून आल्या होत्या. कडूबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग म्हणाल्या, की मास्तरनं काय लिवलं ते पोरीनं आमाला वाचून दावलं न्हाई, पर लई रडली बाई. हितं कोयता काय, कुनाच्या बी हाताला मिळतो. तिच्या हाताला मिळू नये म्हून तर आमी दोघं राबतो. त्या हे रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे बोलल्या. मी मान खाली घालून चहा प्यायले.

धनश्री भेटली. डोक्याला फडकं, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. फडात मोळ्या बांधायला जाते म्हणाली. तुमचं पाकीट तिने दोन्ही हातांनी घेतलं, पण आमच्यासमोर उघडलं नाही. परत ये, असं मी तीनतीनदा सांगितलं. बघते मॅडम, एवढंच म्हणाली. अश्विनी तिच्याजवळ बसून रडली, तर उलट तीच अश्विनीची समजूत घालत होती.

आणखी एक. तुमची विनंती संपादक मंडळापुढे ठेवली, तर त्यांनी ती नाकारली. पार्थचं म्हणणं, एकदा दिलेलं परीक्षण परीक्षकाला वाईट वाटलं म्हणून बदलता येत नाही. लेखिका लेख सुधारेल तेव्हा दुसरं परीक्षण, तोवर पहिलंच कायम. मी त्याच्यावर चिडले, आणि मग ध्यानात आलं की हे मीच त्याला शिकवलंय.

वाट पाहण्यापलीकडे हातात काही नाही. मामीची आठवण येते. तुम्ही दोघं एकमेकांचे गुडघे सांभाळा, आमच्यावरची माया आपोआप सांभाळली जाईल.

ज्ञानेश्वरी


मुक्काम ऊसतोड तळ, देवळाली प्रवराजवळ,
३१ जानेवारी २०२५

आदरणीय आबासाहेब गुरुजींस,
धनश्रीचा साष्टांग नमस्कार.

नियमाप्रमाणे मला तुमचं नाव ठाऊक नसायला हवं होतं. पण तुम्हीच पत्रात सही केलीत, त्यामुळे नावानेच लिहिते. लेखकाने आक्षेपांना एकेक करून उत्तर द्यायचं असतं असं मॅडमनी शिकवलंय. तसं देते.

नुसती नावं गोळा केली म्हणजे संशोधन होत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य आहे. नावं का ठेवली ते मी कुणाला विचारलंच नव्हतं. आता विचारलंय.

एकाच गाडीवानाच्या एकामागून एक आणलेल्या बैलांचं नाव पाखऱ्याच कसं, लेखिका पेंगत होती काय, असं तुम्ही लिहिलंत. हे मान्य नाही. आमचा पाखऱ्या मेला तेव्हा वडिलांनी दुसरा बैल आणला आणि त्यालाही पाखऱ्याच म्हणू लागले. जोडीतला उरलेला बैल जुन्या हाकेला सरावलेला असतो, नवी हाक मारली की तो बावरतो, असं ते म्हणतात. इतर गाडीवानांना विचारलं, तर काही म्हणाले खरं आहे, आणि काही हसून म्हणाले, तुझा बाप खुळा हाय. दोन्ही म्हणणी लेखात घातली आहेत. पण हे आधीच लिहायला हवं होतं, ती चूक माझी.

आता रसवंतीचं. ते वाचून मी पुस्तकं परत केली, तेव्हा परत यायचं नाही असं ठरवूनच निघाले होते. तळावर मोळ्या बांधताना तेच वाक्य डोक्यात फिरायचं. ज्याने असं लिहिलं त्याला इथे आणून उभं करावं असं वाटायचं. एका दुपारी लेख काढून पुन्हा वाचला, तर तुम्ही लिहिलंत तसाच तो होता, गुरुजी. 'संशोधकाने तळाला भेट दिली.' मी कुठली भेट दिली? मी इथलीच. मॅडमनी नाव झाकायला सांगितलं होतं, मी स्वतःलाच झाकलं. हे लोक माझे आहेत असं वर्गातल्यांना कळायला नको होतं, म्हणून. आता सगळा लेख 'मी' म्हणून लिहिलाय.

तुमचं नवं परीक्षण मी परत पाठवते आहे. त्यात लिहिलंय की परिस्थिती पाहता प्रयत्न कौतुकास्पद आहे. गुरुजी, हे मी पहिलीपासून ऐकत आले. गृहपाठ केला नाही तरी चालायचं, शुद्धलेखन चुकलं तरी चालायचं. ऊसतोडीची पोरगी आहे, जाऊ द्या, म्हणायचे. सगळे फार चांगले होते. त्या चांगुलपणामुळे बी.ए.ला येईपर्यंत मला माहीतच नव्हतं की मला किती येत नाही. तुमच्या पत्रातून कळलं की पहिलं परीक्षण तुम्ही अश्विनीला म्हणून लिहिलं होतं. ते वाचून मी परत रडले, पण निराळं रडले. तिला शिकवायची तुम्हाला एवढी घाई, एवढी तळमळ! माझ्यासाठी अशी तळमळ कुणाला कधी वाटलीच नव्हती, आणि ती चुकून का होईना, माझ्या हातात पडली. ते परीक्षण मागे घेऊ नका. ते माझ्याजवळ ठेवलंय.

सोमवारी मी कॉलेजात परत जाते आहे. आईने फडक्यात बांधून भाकरी द्यायचं कबूल केलंय, आणि अश्विनीला एक जास्त. सुधारलेला लेख सोबत आहे. तो तुम्हीच तपासावा अशी विनंती मी पार्थकडे केली आहे. फक्त आता माझं नाव तुम्हाला ठाऊक आहे म्हणून हात आखडू नका. अश्विनीला जेवढं बोलला असता, तेवढंच मला बोला.

अश्विनीच्या आजींना नमस्कार सांगा. लोभ असावा, आणि रागही असू द्यावा.

आपली विद्यार्थिनी,
धनश्री