सुईचा परवाना

मु. कुंडल
आषाढ, १९७४

ती. जोतीराम दाजी यांच्या पायावर मेव्हण्या नाथाजीचं डोकं, आन् वरनं एक कडक जयहिंद. इकडं समदी खुशाल हायेत. शालूआक्काला पंचमीला म्हायेरी धाडा, आन् तुमी पावसाळ्यात दम्याला जपा. (सल्ला फुकट हाय. फी आता मला घेऊ देत न्हाईत, त्येच सांगतोय.)

दाजी, पलटणीच्या हास्पिटलात माजी उभी हयात गेली. जवानांच्या दंडात सुया टोचून हात असा बसला, की टोचल्यालं कळत न्हाई. (एका मेजरसायबाला कळलं हुतं, पर त्यो मुळातच रडका.) पेन्शनीत आल्यावर चावडीसमोर पाटी लावली, 'मिलिटरी डॉक्टर नाथाजी'. आपल्या गावाला गोळीचा गुण येत न्हाई, सुईच पायजे. टोचली की खाटंवरची म्हातारीबी उठून रानात भांगलायला जाती. दवाखाना लय जोरात चालला.

अशात आरोग्य खात्याचं सायब आलं. जीपमधनं उतरून पाटी वाचली आन् इचारलं, नोंदणी कुटं हाय? मी पलटणीचा दाखला फुडं केला. त्यात नर्सिंग असिस्टंट लिवलंय म्हणं, डॉक्टर न्हाई. म्हटलं, परवानंच बघायचं तर घरात रग्गड हायेत. रेडिओचं लायसन दावलं, सायकलीचा बिल्ला दावला, बंदुकीचा परवाना दावला. सायब म्हणालं, 'नाथाजीराव, तुमाला बंदूक चालवता येईल, सुई न्हाई.' आता ह्येला काय म्हणावं? मारायला परवानगी, वाचवायला बंदी.

मग त्येंनी समजुतीनं सांगितलं, डॉक्टरच्या हाताखाली खुशाल काम करा, एकट्यानं नगं. परवाना डॉक्टरसाठी नसतोय, पेशंटसाठी असतोय. (मग पेशंटानंच काढावा की, मला का हेलपाटं?) भर चावडीवर पाटी उतरवायला लावली. दाजी, लय लागलं जिवाला. मीबी ठणकावलं, 'हात बसला की झालं. कागद काय सुई टोचतोय व्हय?' लोकांनी माना डोलावल्या. आमची कारभारीण बनुबाई दारात हुती, तिला तर माजं बोलणं फार पटलं.

तवा काम एवढंच. तुमी सांगलीला कचेरीत शिपाई, सायबलोकांत तुमची ऊठबस. एक शब्द टाका आन् माजी नोंदणी करून आणा. परीक्षा नगं. नुसता नंबर द्या म्हणावं.

आपला,
नाथाजी, हवालदार (पेन्शनर)

ता. क. ह्ये पत्र उभ्यानं लिवलंय. गेल्या आठवड्यात मला ताप भरला. आपली सुई आपल्याच मागं पोचंना. बनुबाई म्हणाली, पालथं पडा. म्हटलं, तुला येतं का? तर म्हणाली, 'हात बसला की झालं.' तिचा हात अजून बसला न्हाई दाजी, आन् आता मलाबी बसता येत न्हाई. गळू झालंय लिंबाएवढं.

आनखी एक. नोंदणीचं ऱ्हाऊ द्या. सोमवारच्या यष्टीनं उभ्याउभ्या सांगलीला येतोय. गळू कापायला डॉक्टर बघून ठिवा. नुसत्या पाटीवर भुलू नका, आत जाऊन नोंदणीचा दाखला डोळ्यांनी बघा. आन् मिलिटरीतनं आलोय म्हणाला, तर तिथं थांबूच नका.