निवळायला ठेवलेली पिंपं

ती. क्रांतीताईस,
ऋषीचा नमस्कार. इथे थंडी आहे, पण तू दिलेला स्वेटर पुरतो.

इथल्या बिअरच्या जत्रेसाठी आमच्या पबने जुन्या पद्धतीची, पिंपातच मुरणारी बिअर ठेवली होती. गाळ बसेपर्यंत ती पिंपं हलवायची नसतात. मला नवख्याला ते ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी ती हलवली. जत्रेत सगळी गढूळ निघाली, मोरीत ओतावी लागली. म्हातारा मालक ओरडलाही नाही. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाला. आता व्हिसाही जाईल. काही सुचत नाही गं.

आबांचे गुडघे कसे आहेत? गुऱ्हाळावर जातात का? त्यांना सांग, मी मजेत आहे. "हलवत ऱ्हा रं, न्हाईतर रस करपतोय," हे त्यांनीच शिकवलेलं मी पबात केलं, एवढं मात्र त्यांना कधी कळू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
ऋषिराज