शालीचं टोक

सर,

तुमच्या निवडक परीक्षणांचं पुस्तक निघतंय आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली आहे. प्रकाशकाचा रोज फोन. "मॅडम, सरांच्या कानाबद्दल भरभरून लिहा," म्हणतो. काय लिहू, कपाळ? निजामाच्या काळातल्या गवयांचा इतिहास तुम्ही दौलताबाद-खुलताबादच्या घराघरांत बसून जमवला, गाण्यावर वर्तमानपत्रात लिहायची रीत या गावाला तुम्ही लावली, हे सगळं लिहून झालं. तीन पानं झाली. पुढं पेन हलत नाही. शेवटची सहा वर्षं तुम्हाला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, आणि काकू गेल्यापासून हे फक्त मला माहीत आहे.

काकूंनी मला त्या दिवशी स्वयंपाकघरात बोलावलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. भाकरी थापताथापता म्हणाल्या, "त्यांना लई कमी ऐकू येतंय. गावाला कळलं तर हा माणूस जगायचा नाय. तू मागं बसत जा." पिठाच्या हातानंच माझा हात धरून त्यांनी शपथ घ्यायला लावली. मग आपली रीत ठरली. तुम्ही पहिल्या रांगेत, शाल पाठीवरून खाली सोडलेली. मी मागं, शालीचं टोक माझ्या मुठीत. चांगली जागा आली की मी टोक ओढायचे, तुम्ही मान डोलावून 'वा' म्हणायचात. गाणारे तुमच्याकडं बघूनच गायचे. सोमवारी मी टिपण आणायचे, तुम्ही लाल पेनानं विशेषणं खोडायचात. "काय गायली ते सांग, तुला काय वाटलं ते ठेव घरी," असं डाफरायचात. छापून यायचं ते तुमच्या नावानं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी काकूंना नेहमी सांगायचे. वाटायचं, सर. खूप वाटायचं.

कान धड होते तेव्हा तुम्ही माझंही गाणं ऐकलं होतंत. दोन ओळी लिहिल्यात: आवाज तयार आहे, सांगायचं काही नाही. मी तानपुरा गवसणीत घातला तो घातलाच. वर्षभरानं तुमच्याकडंच लिहायला शिकायला आले, कारण तुमचं खरं होतं हे मला कळत होतं. राग त्याचाच जास्त होता.

आणि मग तो रविवार. औरंगपुऱ्यातलं ते छोटं सभागृह, सकाळची वेळ, जालन्याहून आलेली माझ्याच वयाची गायिका. तोडी गातेय. दर आवर्तनाला तुमच्याकडं बघतेय आणि तुम्ही दगडासारखे बसलेले. अर्ध्या तासात तिचा आवाज विझला, घाईघाईत भजन म्हणून ती उठली. सोमवारच्या माझ्या टिपणात विशेषण एकच होतं, कोरडं. तेवढं तुम्ही खोडलं नाहीत.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. करमाडच्या शाळेत प्रार्थना शिकवते म्हणे. पुस्तकाचं कुठूनतरी कळलं होतं. म्हणाली, "ताई, माझ्यावरचं परीक्षण गाळू नका बरं का. लोकांना वाटंल मीच रदबदली केली. सरांचा कान कधी चुकलाय व्हय? त्यांच्यामुळं मी वेळेवर थांबले, नाय तर उगं लोकांना छळलं असतं." आणि हसली. मी "हो" म्हणाले. ते परीक्षण ठेवलं तर खोटं पुठ्ठ्यात बांधलं जाणार. गाळलं तर तिला वाटणार, मला तिची दया आली. आणि खरं काय ते छापायचं, तर तुमची सहा वर्षं चव्हाट्यावर मांडायची, काकूंची शपथ मोडायची. कुठूनही सुटका नाही. तुम्ही दोघं गेलात, मला मात्र इथं बसवून गेलात. राग येतो तुमचा.

आज दुपारी शेवटी लिहिलं, 'सरांचा कान अखेरपर्यंत तल्लख होता', आणि प्रुफं देऊन टाकली. तिचं परीक्षण आहे तसंच आहे, पान एकशे बारा. हे पत्र तुमच्या शालीच्या घडीत राहील. ती शाल काकूंनी मलाच दिली होती.

त्या सकाळी ती फार सुंदर गायली, सर. टोक माझ्या मुठीत होतं. मी ते एकदाही ओढलं नाही.