पवनचक्कीखालचा भंडारा

पुणे,
१५ नोव्हेंबर २०२३

ती. आबांस,
दीपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. जन्मभर जळकोटच्या वस्त्यांवर दुसऱ्यांची पत्रं वाटलीत, आता कुणीतरी आपल्यालाही लिहावं हा तुमचा हट्ट मला मान्य आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेजला तुम्ही पत्र मानत नाही. मग लिहिण्यावाचून माझी सुटका कुठली?

आता कामाचं. माळावरच्या पवनचक्क्यांखाली पाहणी करायला आमच्या संस्थेनं तुमचं नाव मंजूर केलं. मी वशिला लावलेला नाही हं. गौरीशंकर सरच म्हणाले की एकही घर न चुकवता टपाल वाटलेला माणूस मिळाला तर अजून काय पाहिजे. रोज सकाळी प्रत्येक पंख्याखाली आखून दिलेल्या वाटांनी चालायचं. मेलेला पक्षी किंवा वटवाघूळ दिसलं तर हात लावायचा नाही. फोटो काढायचा आणि जागेवर खूण करायची. संध्याकाळी ओढ्यावरच्या चिंचांखाली बसून, वाघळं उडतात तेव्हा त्यांचा अंदाज घ्यायचा.

हे कशासाठी, तेही सांगते. कंपनीला आणखी पंखे उभे करायचे आहेत आणि त्यातला एक ओढ्याच्या काठी, आपल्या बिरोबाच्या चिंचांपासून हाकेच्या अंतरावर येतोय. पंख्यांनी पाखरं मरतात असं आमच्या पाहणीत दिसलं तर ती जागा वगळतील. नाही दिसलं तर पंखा उभा राहील, आणि मग ती वाघळं तिथं टिकणार नाहीत. लहानपणी दुपारची झोप त्यांच्या किचकिचाटातच लागायची मला. म्हणून नीट बघा.

सरांनी ही पाहणी माझ्यावर सोपवली आहे. पंख्यांखाली काय सापडतं यावर माझ्या नोकरीचं सगळं आहे. आईलाही वाचून दाखवा. गुडघ्याला तेल लावत जा आणि माझ्यावर आहे तशी माया राहू द्या.

तुमची,
दीपाली


जळकोट,
२८ जानेवारी २०२४

चि. दीपालीस,
रामहरीचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. ज्वारी हुरड्याला आली होती, तू आली नाहीस. तुझ्या वाटणीचा हुरडा शेजारच्या शांतलिंगानं खाल्ला आणि वर तुझी चौकशीही केली. नळदुर्गची खंडोबाची जत्रा झाली. तुझी आई जाऊन आली आणि येताना भंडारा घेऊन आली, तोही एवढा की मी विचारलं, दुकान टाकतेस की काय. घरातला संपला म्हणाली. इतका भंडारा कुठं जातो ते त्या देवालाच ठाऊक.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. सगळं नाही. अडाणी माणसांना पत्रं वाचून दाखवायची जुनी सवय, मुद्द्याचं तेवढं वाचतो आणि लांबण गाळतो. पंख्यांखाली काय सापडतं यावर पोरीच्या नोकरीचं सगळं आहे, एवढं सांगितलं. तेव्हापासून तिनं फारच मनावर घेतलंय. पहाट फुटायच्या आत मेंढरं सोडते आणि माळावरून फिरवून आणते. मला गुडघ्यामुळे ऊन वर आल्याशिवाय निघवत नाही. मी निघालो की म्हणते, जावा, माळ कसा चकचकीत आहे बघा.

आणि खरंच चकचकीत आहे. रोज चालतो, हाती काही लागत नाही. पंखे केवढे मोठे, त्यांचा आवाज माझ्यासारख्या बहिऱ्यालाही छातीत कळतो. पण पाखरू मारत नाहीत म्हणायचे. ओढ्याकाठच्या पंख्याचं काय व्हायचं ते होवो, पाखरं मरत नाहीत ही तुला आनंदाचीच बातमी आहे.

मात्र एक गोष्ट मनाला लागून आहे. संध्याकाळी चिंचांवरून वाघळं उडतात ती पहिल्यासारखी नाहीत. दिवाळीत आभाळ भरून जायचं. आता मधे मधे मोकळं आभाळ दिसतं. आई म्हणते तुमची नजर गेली. कान गेले हे कबूल, नजर अजून चांगली आहे.

थंडी आहे, कानाला रुमाल बांधत जा. म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा,
आबा


पुणे,
२० फेब्रुवारी २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला नाही. रागावू नका. संध्याकाळी वाघळं कमी होताहेत आणि सकाळी खाली एकही मेलेलं नाही, हे मला जुळवता येत नाही. सर म्हणतात, फळं दुसरीकडे असतील, तिकडे गेली असतील. असतीलही.

मागे आमची माणसं येऊन गेली, त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. आता सांगते. मेलेली पाखरं कुत्री-कोल्ही किती लवकर पळवतात हे कळावं म्हणून त्यांनी संध्याकाळी पंख्यांखाली कोंबडीची मेलेली पिल्लं ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही जायच्या आधी सगळी गायब. कुत्र्यानं खाल्लं तर पिसं उरतात, एखादा पाय उरतो. तिथं काहीच नव्हतं. जागा झाडून घेतल्यासारखी होती.

मी सरांना म्हटलं, थोडं थांबूया. पण मुदत संपत आली होती. सापडलेली पाखरं शून्य, पवनचक्क्यांमुळे होणारे मृत्यू नगण्य, असा अहवाल गेला. खाली माझी सही आहे. जे दिसलंच नाही ते कशाच्या जोरावर लिहू?

आबा, तुमच्या आधी माळावर कोण जातं, एवढं शोधून मला लगेच कळवा. पंख्यांचा राखणदार ईरण्णा जात असेल, चिंध्या गोळा करणारं कुणी असेल. मला त्या चिंचांची फार काळजी वाटते आहे. आईला नमस्कार सांगा. आशीर्वाद असू द्या.

तुमची,
दीपाली


जळकोट,
३ मार्च २०२४

चि. दीपालीस,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता हे जसं होईल तसं पाठवतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवताना आईला ते पूर्ण वाचून दाखवलं, या वेळी काहीही न गाळता. पिल्लांचं आलं तशी ती घास हातात घेऊन थांबली. मग म्हणाली की ती पिल्लं व्हय, ती तर म्याच पुरली. कुण्या मेल्यानं टाकून दिली म्हणून चार शिव्याही दिल्या होत्या.

मी ताट तसंच ठेवलं. ती मला वरच्या बांधाला घेऊन गेली. तिथं ओळीनं लहान लहान दगड मांडलेले आहेत आणि प्रत्येकावर भंडारा. काहींचा रंग उन्हानं उडालाय, काही कालचे असावेत इतके पिवळे. त्या बांधावरून मी रोज जात होतो. कुणाचा तरी नवस असेल म्हणून पाया पडून पुढं जायचो.

वाघळं, घारी, भोरड्या, चंडोल, सगळं तिथं आहे. मेंढरांमागं जाताना जे पडलेलं दिसेल ते ती पदरात घ्यायची, खड्डा करायची, वर भंडारा टाकायची. मी चिडलो. ती म्हणाली की बिरोबाच्या झाडावरचं पाखरू कुत्र्याच्या तोंडी कसं द्यायचं. आणि दुसरं असं म्हणाली की, पोरीचं सगळं पंख्याखालच्या जमिनीवर आहे असं तुमीच वाचलं होतं. साहेब यायच्या आधी कचेरी झाडतात, तसा म्या माळ झाडला. मेलेलं दिसलं असतं तर पोरीला बोल लागला असता, असं तिला वाटलं. तुला बोल लागू नये म्हणून ती थंडीत अनवाणी फिरत होती. वाटेत पायताण वाजलं की मेंढरं बुजतात म्हणे.

दोष द्यायचा तर माझ्या वाचनाला दे. मुद्द्याचं वाचतो म्हणालो आणि मुद्दाच गाळला.

घरी येताना तिनं विचारलं, माझ्यामुळं चिंचा जातील का. मी ऐकू आलं नाही असं केलं.

होईल ते कर, पण लवकर कर. तिला मात्र रागावू नको.

तुझा,
आबा


पुणे,
१४ एप्रिल २०२४

ती. आबांस आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, हे पत्र आबा पूर्ण वाचतील, म्हणून तुला आधी लिहिते. मी रागावले नाही. मागच्या महिन्यात येऊन बांधावरचे दगड मी उचलले, माती उकरली, तेव्हा तू पाठ फिरवून उभी होतीस. तुझ्या हातानं झाकलेलं मी उघडं केलं, याची मलाच लाज वाटत होती. पण मला ती हाडं हवी होती. वाघळाच्या पंखाची हाडं फार बारीक असतात, काही तर बोटांत चुरली.

आता पुढचं सांगते. सरांनी माझ्या बाजूनं लिहिलं. परवानगी देणाऱ्या कचेरीतून उत्तर आलं की फोटो नाहीत, तारखा नाहीत, पाखरं पंख्याखालीच पडली याला पुरावा नाही; शिवाय पुरणारी बाई पाहणी करणाऱ्याच्याच घरातली. मी फोनवर भांडले. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, मॅडम, शून्यावर सही तुमचीच आहे.

ओढ्याकाठच्या पंख्याला परवानगी मिळाली आहे. पावसाळा संपला की काम सुरू होईल. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

पाहणी अजून चालू आहे, पुढच्या पंख्यांसाठी ती उपयोगी पडेल. आई, एक मागते. आता पाखरू पडलं तर आबा येईपर्यंत हात लावू नकोस. तुला जड जाईल हे मला माहीत आहे.

मी खूप रडले आहे, पण जेवते आहे वेळेवर. दोघांनीही स्वतःला जपा आणि मला दूर समजू नका.

तुमची,
दीपाली


जळकोट,
११ जानेवारी २०२५

चि. दीपालीस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं होतं, पण लिहवत नव्हतं.

ओढ्याकाठचा पंखा दिवाळीनंतर फिरायला लागला. चिंचांना कुणी हात लावला नाही, त्या जागच्या जागी उभ्या आहेत. कंपनीच्या पोरांनी बिरोबाला नारळसुद्धा फोडला.

आईनं तुझा शब्द पाळला. पहाटे मेंढरं सोडते, पाखरू पडलेलं दिसलं की शेजारी काठी घेऊन बसते. कावळे हाकलते, आपल्याच कुत्र्यांना दगड मारते. पूर्वी कधी मारला नव्हता. मेंढरं मग कुणाच्या तरी हरभऱ्यात जातात आणि घरी भांडणं येतात, ती मी निस्तरतो. मी पोचलो की ती तोंड फिरवते. फोटो झाला की मी तिच्या खांद्याला हात लावतो, मग ती पदरात घेते. नवा पंखा लागल्यावर सुरुवातीला तिला रोज बसावं लागलं. एकदा वाघळाच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं, जिवंत. तिनं ते घरी आणलं, कापसानं दूध पाजलं. दोन दिवस जगलं. त्याचाही फोटो तुला पाठवला होता, पण ते कसं गेलं ते लिहिलं नव्हतं.

हळूहळू बसणं कमी झालं. मला बरं वाटायला हवं होतं.

काल संध्याकाळी चिंचांखाली बसलो. दिवस बुडाला, अंधार पडला, एकही वाघूळ उडालं नाही. मला वाटलं उशीर झाला असेल, म्हणून चांगलाच वेळ थांबलो. फांद्यांवर बॅटरी मारून पाहिलं. तुझ्या कागदावर शून्य लिहिलं. पोरी, या वेळचं शून्य खरं आहे, यावर तू बिनघोर सही कर.

घरी येऊन आईला सांगितलं. आज पहाटे ती नेहमीसारखी मुठीत भंडारा घेऊन निघाली. सगळा माळ फिरली, पंख्यांखाली फिरली, चिंचांखालीही जाऊन आली. दिवस वर आल्यावर परत आली तेव्हा मूठ तशीच मिटलेली होती. चुलीपुढं बसली आणि भंडारा परत डब्यात ओतला. तळहात पिवळा झाला होता, तो तिनं धुतला नाही.

रजा मिळाली की ये. ती बोलावत नाही, पण तुझं अंथरूण उन्हात टाकलंय. जिथं असशील तिथं सुखी राहा.

तुझा,
आबा